घरबसल्या इंजिनियर होता येते काय?

प्रस्तुत विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते योग्यच होईल. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही झाले ते सातपूरच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. पदवी आमच्याजवळ नाही. परंतु पदवीसाठी धडपडणारी माणसे आम्ही गेली तीस वर्षे जवळून पाहत आलो आहोत, त्यांच्या रजेचे अर्ज लिहून दिले आहेत आणि एकदा तर त्यांच्यापैकी एकाच्या नुकसानीस आमचे अज्ञानही कारण झाले आहे. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द.

दुसऱ्या पाळीनंतर गेटवर उभे असताना देखभाल विभागातला एखादा चाळिशीचा इलेक्ट्रिशियन हळूच बाजूला घेतो आणि विचारतो, "भाऊ, नोकरी न सोडता, घरी बसून, कॉम्प्युटर नि इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर होता येतं का हो?" हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट मांडावे असे वाटले.

प्रथम, हा प्रश्न त्याला पडतो का, ते पाहू. हौस म्हणून तो पडत नाही. जुन्या यंत्राच्या पॅनलमध्ये रिलेंच्या रांगा असत. एक रिले ओढला की दुसऱ्याचा संपर्क जुळे, दुसऱ्याने तिसरा, आणि अशा साखळीने यंत्र चाले. बिघाड झाला की इलेक्ट्रिशियन टेस्टर घेऊन तारेमागे तार तपासत जाई. कोणता रिले चिकटला हे त्यास कानाने कळे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एका विभागाने मागणी केली की, दरवर्षी गाडीचे मॉडेल बदलले म्हणून सगळ्या तारा उकलून पुन्हा बांधायला नकोत, असे काहीतरी उपकरण द्या. त्यातून 'पीएलसी' हे उपकरण निघाले. तारांऐवजी आता आज्ञा बदलावयाच्या, आणि आज्ञा म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम. तो प्रोग्रॅम लिहिण्याची जी पद्धत ठरली तिला 'लॅडर' म्हणतात, कारण ती शिडीसारखी दिसते. ती मुद्दाम रिलेच्या जुन्या आकृतीसारखी ठेवली होती, इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. म्हणजे या उपकरणाच्या कर्त्यांना कामगाराची आठवण होती. आमच्याकडे मात्र पॅनल बदलले, आणि लॅपटॉप घेऊन बाहेरचा मुलगा आला. वीस वर्षे त्या यंत्राचा आवाज ओळखणारा माणूस मागे उभा राहून बॅटरी धरू लागला. त्या उभे राहण्यातून हा प्रश्न येतो.

आता दुरून शिकण्याविषयी. ही कल्पना नवी नाही. आयझॅक पिटमनने १८४० साली टपालाने लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या परीक्षार्थींना पदवी-परीक्षेस बसू दिले. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये आपल्या या नाशकातच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शाळा सुटलेल्या माणसाला पूर्वतयारीचा एक अभ्यासक्रम करून पदवीच्या वाटेला लागता येते, ही सोय या मुक्त विद्यापीठांनी केली. आमच्या ओळखीतले कितीतरी वॉचमन, कंडक्टर आणि अंगणवाडी ताया त्या वाटेने बी.ए. झाल्या. परंतु इतिहास वा राज्यशास्त्र घरी वाचणे वेगळे आणि विद्युत्‌मंडल घरी जोडणे वेगळे. विद्यार्थ्याकडे पुस्तक पोचविता येते. प्रयोगशाळा कशी पोचवावी?

या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडली ती ब्रिटनमधली ओपन युनिव्हर्सिटी, असे आमचे वाचन सांगते. १९६९ मध्ये तिला सनद मिळाली, जानेवारी १९७१ मध्ये शिकविणे सुरू झाले. प्रवेशास पूर्वीची परीक्षा पास असण्याची अट नाही. व्याख्याने रेडिओ-दूरचित्रवाणीवर होत, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचे साहित्य पेटीत भरून घरी पाठवीत. वर्ष संपले की पेटी परत. उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या विद्यापीठात राहून प्रयोगशाळेत काम करावयाचे. १९८०च्या दशकात संगणकाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हेक्टर नावाचा लहान संगणकच बनविला, आणि तो घरोघर पाठविला. २०११ मध्ये सुरू झालेल्या एका प्राथमिक अभ्यासक्रमात एक छोटा इलेक्ट्रॉनिक फळा, त्यावर संवेदक आणि दिवे बसविलेले, प्रत्येकास टपालाने जात असे. आज संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकी एकत्र शिकण्याची पदवी तेथे आहे, आणि विद्यार्थी घरून इंटरनेटद्वारे दूरच्या प्रयोगशाळेतले खरे उपकरण चालवितो. पन्नास वर्षांत पेटीचे रूप बदलले, पण हाताने केल्यावाचून हे शास्त्र येत नाही हा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांचे शुल्क आमच्या सभासदाच्या आवाक्यातले नाही हे खरे. परंतु त्यांच्याकडून एक हिशेब मात्र फुकट घेण्यासारखा आहे.

तो हिशेब वेळेचा. तेथे ऑनर्स पदवीला ३६० श्रेयांक लागतात आणि एका श्रेयांकाला अभ्यासाचे १० तास धरतात. म्हणजे एकूण ३,६०० तास. नोकरी करणारा वर्षाला ६० श्रेयांक घेतो, तर वर्षाचे ६०० तास आणि एकूण सहा वर्षे. आठवड्याचे हे १६ ते १८ तास होतात. आपल्या इंदिरा गांधी विद्यापीठात एका श्रेयांकाला ३० तास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. जाहिरातीत हा आकडा सहसा दिसत नाही. तेथे हसरा चेहरा आणि हप्त्याची सोय दिसते.

आता आमच्या सभासदाचा आठवडा मांडू. सात दिवसांचे १६८ तास. ४८ कामाचे. जाणे-येणे, पंचिंग, बसची वाट यांत दिवसाला दीड तास म्हणजे सहा दिवसांचे ९. झोप सात तासांप्रमाणे ४९. राहिले ६२. जेवण, आंघोळ, बाजार, पाणी, मुलांची शाळा, कोणाचे आजारपण, कोणाचे लग्न यांसाठी रोजचे पाच तास धरा, ३५ झाले. हातात २७ तास उरतात. त्यातले १७ अभ्यासाला दिले तर उरले १०. आता त्याने आठवड्यात चार दिवस दोन-दोन तास ओव्हरटाइम केला की उरले २. आणि ओव्हरटाइम केल्याशिवाय त्याचे शुल्क भरले जात नाही! शिवाय या हिशेबात सगळे तास सारख्याच किमतीचे धरले आहेत. रात्रपाळीहून आल्यावर सकाळी आठला जो तास मिळतो त्यात बीजगणित डोक्यात शिरत नाही. आम्ही स्वतः करून पाहिले आहे. आणि घरच्या बाईचे तास तर यात कोठेच आलेले नाहीत. नवरा अभ्यासाला बसला की बाजार आणि पाणी तिच्याकडे जाते. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीने हा हिशेब मांडला तर २७ तास मुळात उरतच नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

एवढे करून जो बसतो, त्याला हे दोन विषय सारखेच कठीण जातात काय? येथे आमचे स्पष्ट मत आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणे ही विद्या दूरशिक्षणासाठीच जन्मली असावी, इतकी घरी शिकण्यासारखी आहे. कारण येथे फळा, वही, प्रयोगशाळा आणि पहिला परीक्षक या चारही गोष्टी एकाच पेटीत असतात. चूक केली की यंत्र त्याच क्षणी सांगते, अमुक ओळीत चुकला आहात. रात्री दोनला विचारा, तेव्हाही सांगते. रागावत नाही. शंभरदा चुकले तरी काही जळत नाही, खर्च होत नाही. भाषेची अडचण होती, तीही काही अंशी दूर झाली आहे : मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात विनामूल्य मिळतात. लिनक्स, सी, पायथन यांची तोंडओळख आमच्या काही सभासदांनी त्यावरूनच करून घेतली.

इलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट निराळी. एक अगदी साधे उदाहरण घेऊ. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर एक लाल एलईडी लावावयाचा आहे. एलईडी स्वतःवर सुमारे दोन व्होल्ट घेतो; उरलेले तीन व्होल्ट वाटेत एक रेझिस्टर घालून जिरवावे लागतात. २२० ओहमचा रेझिस्टर घातला तर तीन भागिले २२०, म्हणजे सुमारे १४ मिलिअँपियर प्रवाह वाहील आणि दिवा सुखाने जळेल. रेझिस्टर विसरला तर दिवा एकदाच चमकेल आणि कायमचा जाईल. हे गणित घरी होते. संगणकावर मंडल काढून चालवून पाहावयाची सोयही आहे. मुंबई आयआयटीचेच 'ई-सिम' नावाचे विनामूल्य साधन त्यासाठी आहे. परंतु संगणकात तुम्ही २२० लिहिले की तो बरोबर २२०च धरतो. हातातल्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा असेल तर तो पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे २०९ ते २३१ मधला कोणताही असू शकतो. संगणकातली तार कधी सैल होत नाही, टेबलावरची होते. संगणकात सोल्डरचा थेंब शेजारच्या पायावर ओघळत नाही. शिकावयाचे असते ते नेमके हेच.

आमची स्वतःची फजिती सांगतो. पंचेचाळिशीत आम्ही एक ब्रेडबोर्ड आणला आणि पुस्तकावरून पहिले मंडल जोडले. दिवा लागेना. रेझिस्टर बदलला, एलईडी उलटसुलट केला, पुरवठा मोजला, सगळे ठीक. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी टीव्ही दुरुस्त करणारा एक मुलगा कचेरीत वर्गणीच्या निमित्ताने आला. त्याने बोर्डाकडे पाहिले मात्र आणि कडेच्या लांब पट्टीत एक तुकडा तारेचा खोवला. दिवा लागला. पुष्कळ ब्रेडबोर्डांत ती कडेची पुरवठ्याची पट्टी मध्यावर तुटलेली असते. आम्ही वीज एका अर्ध्याला दिली होती आणि मंडल दुसऱ्या अर्ध्यावर मांडले होते. आमच्या पुस्तकात हे कोठेही नव्हते. त्या मुलाने अर्ध्या मिनिटात दाखविले, आणि ते आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सला शेजारी माणूस लागतो तो याच्यासाठी.

गंमत अशी की आमचा इलेक्ट्रिशियन या बाबतीत कॉलेजच्या मुलापेक्षा पुढे असतो. दोष शोधण्याची सवय त्याच्या हातात असते : मंडल मध्ये तोडावे, अर्धे ठीक आहे का पाहावे, मग उरलेल्याचे पुन्हा अर्धे. तो अडतो गणिताशी. त्रिकोणमिती, लॉगॅरिथम, पुढे कलनशास्त्र आणि काल्पनिक संख्या यांच्याशी. जो सोडून जातो तो बहुधा याच ठिकाणी जातो. म्हणून पहिले सहा महिने विद्युत्‌शास्त्राला हात न लावता आठवी ते बारावीचे गणितच पुन्हा करावे, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

आता कागदाचा प्रश्न. येथे आम्हांला आमच्या चुकीविषयी बोलले पाहिजे.

आमचा एक सभासद २००६ मध्ये परप्रांतातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या अभियांत्रिकी पदवीला बसला. पत्रकावर 'मान्यताप्राप्त' असा शब्द ठळक छापलेला होता. कोणाची मान्यता, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या वर्षासाठी, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बायकोचे दागिने ठेवून त्याने शुल्क भरले. अभ्यास मात्र खरोखर केला; त्याच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. पदवी मिळाल्यावर तिच्या बळावर आम्ही व्यवस्थापनाशी दोन वर्षे भांडून त्याला पर्यवेक्षकाची बढती मिळवून दिली आणि गेटसभेत पेढे वाटले. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची पूर्वमान्यता घेतलेली नव्हती, आणि शिक्षकाच्या नजरेखाली केलेल्या प्रात्यक्षिकांवाचून अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. २००१ ते २००५ च्या सत्रांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी टिकविण्याची संधी ठेवली. त्यापुढच्यांच्या पदव्या रद्द. पदवीमुळे मिळालेली बढती जावयाची, मिळालेला पगार मात्र परत घ्यावयाचा नाही. आमचा सभासद २००६ चा. एका वर्षाने चुकला.

न्यायालयाचे तत्त्व आम्हांला पटते. वर सांगितलेल्या ब्रेडबोर्डाच्या गोष्टीनंतर न पटून कसे चालेल? परंतु ज्यांनी पत्रके छापली त्यांच्यापेक्षा ज्यांनी रात्री जागून काढल्या त्यांना शिक्षा अधिक झाली, असेही आम्हांला वाटते. तो सभासद पुन्हा जुन्या जागेवर आला. पॅनल तोच दुरुस्त करतो. सही दुसरा करतो.

दुसरी एक जुनी, प्रतिष्ठित वाट होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची 'ए.एम.आय.ई.' परीक्षा. कामावर राहून, स्वतः अभ्यास करून, एकेक विषय सोडवीत माणसे तीतून इंजिनियर झाली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी १९५३ साली स्थापन झालेल्या आयईटीईची तशीच परीक्षा होती. या परीक्षांना पदवीशी समकक्ष मानण्याची सरकारी मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच राहिली. त्यानंतर नाव घालणाऱ्यास ज्ञान मिळेल. सरकारी नोकरीच्या अर्जात मात्र ते पदवी म्हणून चालणार नाही.

तेव्हा आमच्या इलेक्ट्रिशियनच्या प्रश्नाचे आजचे उत्तर असे. संगणकाच्या उपयोजनाची पदवी, म्हणजे बीसीए आणि पुढे एमसीए, मुक्त विद्यापीठातून दुरून घेता येते आणि ती चालते. मात्र त्या विशिष्ट वर्षी, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता आहे किंवा नाही हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे, एजंटाच्या तोंडून ऐकू नये. पूर्वी डोएक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आताच्या नाएलिट या सरकारी संस्थेच्या 'ओ' आणि 'ए' पातळीच्या संगणक परीक्षाही आहेत. इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची पदवी मात्र आपल्या देशात दूरशिक्षणाने देता येत नाही. ती हवी असेल तर हजेरी लागते. कामावरच्या माणसांसाठी सोयीच्या वेळी वर्ग घेण्याची मुभा तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना दिली आहे. ज्याला कागद नको, विद्या हवी, त्याच्यासाठी आयआयटीच्या प्राध्यापकांची 'एनपीटीईएल'ची व्याख्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावयाची. ते प्रमाणपत्र पदवी नव्हे, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

राहिली संघटनेची बाजू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेचा करार केला, क्रमांक १४०. भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणून ज्याचे त्याने मागून घ्यावे लागते. आम्ही एका कारखान्यात मागणीपत्रात दोन ओळी घातल्या : परीक्षेच्या दिवशी पगारी रजा, आणि परीक्षेपूर्वी पंधरा दिवस पहिली पाळी. व्यवस्थापकांनी पहिली मान्य केली, दुसरीला नकार दिला, कारण पाळी बदलली की दुसऱ्या कोणाला तरी रात्रपाळी वाढते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मग आमच्याच सभासदांनी आपसांत ठरवून पाळ्या बदलून घेतल्या. बीसीएच्या एका परीक्षार्थीसाठी सहाजणांनी पंधरा रात्री वाटून घेतल्या. त्यातल्या दोघांना स्वतःची सही सोडून फारसे लिहिता येत नाही. मागणीपत्रातील ती दुसरी ओळ पुढच्या करारातही आम्ही ठेवणार आहोत.

आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी, विद्यापीठाने पेटी पाठविण्याची वाट न पाहता, संघटनेच्या कचेरीत एक टेबल मांडले आहे. दोन ब्रेडबोर्ड, एक सोल्डरिंग आयर्न, भंगारातून आणून दुरुस्त केलेला एक ऑसिलोस्कोप, आणि जुन्या पॅनलमधून काढलेला एक पीएलसी. तो टीव्हीवाला मुलगा दर रविवारी नऊ ते बारा येतो. पदवी गमावलेला आमचा सभासदही येतो आणि गणित शिकवितो. त्याच्या त्या वह्या आता तेथेच असतात. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जरूर यावे. येताना शक्य तर स्वतःचा मल्टिमीटर आणावा, कारण कचेरीतला एकच आहे आणि त्याचा फ्यूज महिन्यातून दोनदा तरी जातो.